मालखान्यातल्या पोरी

बेलटोला, वारासिवनी
३ मार्च २०२४

चि. राखीस,

जय भीम. चि.च्या पुढे सौ. लिहावं की नाही, या विचारात सकाळ गेली. शेवटी नाही लिहिलं. राग मानू नकोस.

फोन केला असता, पण फोन आमूजवळ असतो आणि आमू माझ्यासमोर असते. तुझं नाव दिसलं की ती फोन पालथा ठेवते. माझा मुलगा, तिचा बाप, गेल्यावर तू मलाजखंडला दुसरं घर केलंस आणि तिला न्यायला आलीस, तेव्हा ती बसच्या पायरीवरून मागे फिरली. त्यानंतर तिने तुझा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. म्हणून हा कागद. राजेंद्र आता तुमच्याकडच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती देतो. माझा पुतण्या असला तरी दुसऱ्याचं वाचायची त्याला खोड आहे. पाकीट उघडलेलं दिसलं तर कळव.

दहावीचे पेपर संपले. गणित बरं गेलं म्हणते. तू राजेंद्रकडून निरोप पाठवलास की अकरावीला पोरीला माझ्याकडे पाठवा. मी तिला जेवताना सांगितलं. ती ताट घेऊन उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. आता मी काय करू? पाठवतो म्हणावं तर ती जात नाही, नाही पाठवत म्हणावं तर तू आई आहेस. माझा दमा तुला ठाऊक आहे.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. पोर दिवसभर मोबाईलवर एक जपानी कार्टून पाहते. मी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदा मागे उभा राहून पाहिलं तर मोठमोठ्या डोळ्यांच्या पोरी, केस गुलाबी, निळे, अंगात शाळेचा ड्रेस, आणि सगळीकडे बंदुका. मी म्हणालो, या पोरींना बंदुका कोणी दिल्या? तर ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

"आबा, त्या पोरी बंदूक चालवत नाई. त्या सोताच बंदुका आहेत."

"मंग माणसासारक्या काहून दिसते?"

"बंदूक तुमाले भेटाले आली तं कशी येईन? खुंटीले लटकून?"

मला समजलं ते असं. जुन्या लढायांमधल्या ज्या बंदुका होत्या, त्या आता पोरी होऊन बर्फाच्या गावात एका शाळेत राहतात. जी बंदूक जशी, तशी तिची पोर. भराभर गोळ्या सुटणारी असेल तर पोर बडबडी. लांबचा नेम धरणारी असेल तर ती खिडकीत एकटी बसते. त्यांच्यात एक फार जुनी आहे, नळीच्या तोंडातून दारू भरायची. तिला भरायला वेळ लागतो, म्हणून तिला काही विचारलं तर उत्तर द्यायलाही वेळ लागतो. बाकीच्या पोरी तोवर निघून जातात. आमूला तीच आवडते.

आता तूच सांग, आपला जिल्हा कसा आहे. बैहरच्या जंगलाकडे नक्षल्यांमागे फोर्सच्या गाड्या जातात, नाक्यावर पिशव्या उघडून पाहतात. अशा जागी पोरीच्या डोक्यात बंदुका बसाव्यात हे मला बरोबर वाटत नाही. कोणी ऐकलं तर काय म्हणेल? मी तिला हळू आवाजात पाहा म्हणून सांगितलं आहे.

दुसरं म्हणजे तिची नजर आपल्या भरमार बंदुकीकडे गेली आहे. माझ्या बापाने, महागूने, डुकरांपासून धान राखायला लायसन काढलं होतं, ते माझ्या नावावर आलं. तुझ्या लग्नानंतर ती एकदाही उडाली नाही, खुंटीवर आहे. आमूने विचारलं, आपली पण तोंडातूनच भरते ना? मी हौ म्हणालो. तेव्हापासून ती तिच्यासमोर बसून चित्रं काढते. भरमारीची पोर. हिरवं लुगडं, कमरेला दारूची शिंगडी, हातात दारू ठासायचा गज. चेहरा मला नीट दिसला नाही, चष्म्याची काडी तुटली आहे.

तू आई आहेस. रागवावं की राहू द्यावं, ते लिही.

बाबूलाल


बेलटोला
१८ मार्च २०२४

चि. राखीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाहू द्या, घरात तर आहे ना, असं तू लिहिलंस. ठीक आहे. तुला लांबून तसं वाटणारच.

निवडणूक लागली. आज कोटवाराने गल्लीगल्लीत ओरडून मुनादी दिली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करा. दर निवडणुकीला करतो तसंच. मागच्या हिवाळ्यात आमदारकीच्या वेळी केली होती, निकालानंतर परत आणली. त्यात काही नवं नाही. पण या वेळी मला झोप नाही.

आमूने भरमारीच्या नळीवर तुझ्या जुन्या डबीतल्या लाल नेलपॉलिशने नाव लिहिलं आहे. पोरीचं नाव. दोनच अक्षरं आहेत, मोठं नाही, पण लाल आहे आणि दुरून दिसतं. ट्रिगरजवळ रिबीन बांधली होती, ती मी सोडली. चंपाबाई साखर मागायला आली आणि ती रिबीन पाहून गेली. सगळ्या टोल्यात सांगत फिरते, "बाबूलालची नातीन बंदुकीची वेणी घालून राह्यली, आता हळदीले बलावते का पाहू."

हसण्यावारी नेलं असतं. पण चंपाबाई जाता जाता म्हणाली, पोरीने ते मोबाईलवर टाकलं आहे आणि लोक पाहून राहिले. पोलीस बी मोबाईल पाहते, बंदुकीचा फोटो दिसला की घरी येते. मी आमूला विचारलं. ती म्हणते, फोटो नाही, चित्र टाकलं. मला त्यातला फरक समजत नाही. बंदूक ती बंदूक. ठाण्यात मुन्शी नळी हातात घेणार, लायसनच्या नंबराशी नंबर लावून पाहणार, आणि तिथे हे लाल नाव. तो विचारणार, हे काय आहे? मी काय सांगू? जपानचं कार्टून आहे म्हणून सांगू?

आमूला मात्र जमा करायचं म्हटलं की आनंद होतो. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा केलेल्या वस्तू ठेवतात त्या कोठडीत, सगळ्या तालुक्याच्या बंदुका एका ओळीत उभ्या असतात. ती म्हणते, ते बंदुकांचं होस्टेल आहे. तिथे राइस मिलच्या शेठची दोननळी असते, ती सारखी पॉलिश करून घेते आणि कोणाशी बोलत नाही. बँकेच्या गार्डची असते, तिला दारात उभं राहून राहून पाय दुखतात. आणि आपली. पोलीस कुलूप लावून गेला की त्या पोरी होतात आणि आपापल्या घरच्या गोष्टी सांगतात. आपली सगळ्यात शेवटी सांगते, कारण तिला वेळ लागतो. तिची ऐकायला मात्र बाकीच्या थांबतात.

मी म्हणालो, मंग निवडणूक झाल्यावर काय करतात?

"वापस येते न, आबा. आपली दर वेळी वापस येते. कितीबी दिवस लागो, येते."

हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तुला नुसतं कळवलं.

बाकी ठीक. मोहाची फुलं पडायला लागली आहेत. नळी मी उद्या साफ करीन आणि जमा करून टाकीन.

बाबूलाल


बेलटोला
२३ मार्च २०२४

चि. राखीस,

थोडंच लिहितो, राजेंद्रची गाडी सुटायची आहे.

बंदूक अजून जमा केली नाही. तब्येत बरी नव्हती. अजून मुदत आहे. काळजीचं काही नाही.

एक विचारायचं होतं. तुझ्या घरचे खाणीत पंपावर आहेत. तिथल्या वर्कशॉपात लोखंडावर आकडे ठोकणारा कोणी मिस्त्री असतो का? जसे मशीनवर नंबर असतात तसे. लहान असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. आणि जुने दिसावे असे. काम गुपचूप करणारा पाहिजे. कोणासाठी आहे ते सांगू नकोस. तुझ्या घरच्यांनाही सध्या सांगू नकोस, नुसतं विचार.

आमू बरी आहे. तिला यातलं ठाऊक नाही.

हा कागद जाळून टाक.

बाबूलाल


बेलटोला
२८ मार्च २०२४

चि. राखीस,

तू काय लिहिशील याची मला भीती होती, आणि तू तेच लिहिलंस. "मामाजी, काही ठोकून घेऊ नका, आधी खरं काय झालं ते सांगा." तू या घरात आलीस तेव्हाही अशीच होतीस. तुझ्या सासूने दुधात पाणी घातलं तर वासावरून ओळखायचीस.

सांगतो. आमू विहारात गेली होती, जयंतीच्या तयारीला. घरात कोणी नव्हतं. मी भरमार खुंटीवरून काढली, अंगणात गोणपाटावर ठेवली आणि ते नाव चाकूने खरवडलं. वरचं निघालं. पण पोरीने नाव नेमकं नंबरावरच लिहिलं होतं. तिथे लोखंड सपाट आहे, म्हणून तिला बरं वाटलं असेल. आकड्यांच्या खाचांमध्ये लाल रंग बसला होता. मी घासलेट लावलं, राखेने घासलं. लाल जाईना. आकडे असे दिसत होते जसे रक्ताने भरले आहेत. मला वाटलं, मुन्शी नंबर पाहायला डोळे जवळ नेईल आणि त्याला पहिलं हेच दिसेल. मग मी कानस घेतली. थोडंच घासायचं होतं. लाल जाईपर्यंत घासलं. लाल गेलं तेव्हा पुसून पाहिलं, तर नळी तिथे आरशासारखी चकचकत होती आणि नंबर नव्हता. एक सात उरला आहे, तोही उन्हात धरला तर.

मी अडाणी नाही, राखी. पाचवीपर्यंत शिकलो आहे. लायसनच्या पुस्तकात नंबर आहे आणि बंदुकीवर नाही, म्हणजे ती बंदूक चोरीची ठरते, एवढं मला समजतं. नंबर खोडणं हा मोठा गुन्हा आहे, हेही कोटवाराला दुसऱ्याचं नाव करून विचारून घेतलं. तो म्हणाला, अंदर जाते आदमी.

तेव्हा मला ठोकायचं सुचलं. तू लिहिलंस की एका गुन्ह्याचे दोन होतील. बरोबर आहे.

आमूला मी सांगणार नव्हतो. होळीच्या दिवशी तिने खुंटीवरून बंदूक उतरवली, रंगाचा टिळा लावायला. मी ओट्यावरून पाहत होतो. तिने बोट त्या चकचकीत जागेवर ठेवलं आणि तसंच ठेवलं. मला वाटलं, रडेल, ओरडेल. तिला वेळ लागला.

"रिमूव्हर होतं न घरात, आबा. मांगलं असतं तं देल्लं असतं."

एवढंच बोलली. टिळा लावला नाही. बंदूक परत लटकवून आत गेली. तेव्हापासून ती मोबाईलही पाहत नाही. त्या कार्टूनची मला इतकी चीड होती, आणि आता मीच म्हणतो, लाव बाई, पाहू या. ती म्हणते, चार्जिंग नाही. चार्जिंग आहे, मी पाहिलं.

तू लिहिलंस की मी येते, आपण मिळून ठाण्यात जाऊ. येऊ नकोस. तू ठाण्याच्या दारात उभी राहशील, आमू तुला पाहील, आणि तिला वाटेल की आबाला बेडी पडली म्हणून मम्मी न्यायला आली. अशी नको. मी सोमवारी जातो. मला ठेवून घेतलं तर राजेंद्र तुला फोन करेल. तेव्हा मात्र ये, तिचं काही ऐकू नकोस, घेऊन जा. कपडे पेटीत आहेत, तिची मार्कशीट यायची आहे, ती शाळेतून नंतर घे. शेळी चंपाबाईकडे देऊन टाक.

बाबूलाल


बेलटोला
२ एप्रिल २०२४

चि. राखीस,

मी घरी आहे. आधी हेच लिहितो.

काल गेलो. आमूला नको म्हटलं होतं, पण ती बसमध्ये माझ्या आधी चढली. भरमार मी चादरीत गुंडाळली होती. तिने ती आपल्या मांडीवर आडवी घेतली. वारासिवनीपर्यंत तशीच धरून होती.

मुन्शी तोच होता, जुना. तो मला ओळखतो, भरमारीलाही ओळखतो. लाकडी कुंद्याची फट आणि पितळेची पट्टी पाहून म्हणाला, आ गई बुढ़िया. मग नळी फिरवली, लायसनचं पुस्तक उघडलं, पुन्हा नळी फिरवली. खिडकीजवळ नेऊन पाहिली. मी त्याने विचारण्याआधी बोलायला लागलो, आणि बोलताना दमा लागला. त्याने मला पाणी दिलं. त्याने पाणी दिल्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"बाबा, ये क्या कर दिया आपने," तो म्हणाला. रागाने नाही. पण त्याने पावतीची वही मिटली आणि दुसरा कागद घेतला.

मग साहेबांपुढे नेलं. साहेब तरुण आहेत. त्यांना वाटलं, मी कोणाची दुसरी बंदूक आणली आहे. मुन्शीने सांगितलं की नाही साहेब, मी ही किती वेळा मालखान्यात ठेवली आहे, हीच आहे. साहेब म्हणाले, तुमच्या ओळखीवर कायदा चालत नाही. ते काही खोटं बोलले नाहीत. मी कार्टूनचं सांगायला लागलो तर ते मोबाईल बाजूला ठेवून माझ्याकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता संपलं.

तेव्हा आमू बोलली. काय बोलली ते मागाहून लिहीन. आत्ता नाही.

अटक केली नाही. सगळ्यांचे बयान लिहिले, माझा अंगठा नाही, सही घेतली. बंदूक जप्त म्हणून ठेवली. जमा नाही, जप्त. दोन्हीत फरक आहे असं मुन्शीने सांगितलं. प्रकरण बालाघाटला मोठ्या साहेबांकडे जाईल, तिथे बोलावतील तेव्हा जायचं. लायसन राहतं की जातं, केस होते की नाही, ते तिथे ठरेल. तोवर गाव सोडून जाऊ नका म्हणाले. मी कुठे जाणार आहे?

बाहेर आल्यावर आमूने मला समोसा घेऊन दिला. आपल्या पैशाने.

बाबूलाल


बेलटोला
१५ जून २०२४

चि. सौ. राखीस,

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या, दोन्ही वाचल्या. आमू चांगल्या मार्कांनी पास झाली हे तुला राजेंद्रने सांगितलंच.

बालाघाटला एकदा जाऊन आलो. बाकावर बसवलं, मग पुढची तारीख दिली. एक वकील म्हणाला की वय पाहून सोडतील, दुसरा म्हणाला की आजकाल सोडत नाहीत. मी दोघांचंही खरं धरतो आणि मग रात्रभर कूस बदलतो.

निकाल लागला आणि ज्याच्या त्याच्या बंदुका परत आल्या. राइस मिलच्या शेठचा माणूस गाडी घेऊन गेला आणि दोननळी घेऊन आला. त्या दिवशी आमू मला म्हणाली, आबा, चला. मी म्हणालो, आपली देणार नाहीत. म्हणाली, माहीत आहे, चला.

मुन्शीने तिला मालखान्याच्या दारापर्यंत नेलं. आत जाऊ दिलं नाही, पण दार उघडं धरलं. कोठडी जवळजवळ रिकामी झाली होती. आपली भिंतीला एकटीच टेकून उभी होती, गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी. आमू पाहत राहिली. मुन्शी दार धरून उभा होता. मग तिने विचारलं, "ये कब आएगी?"

"जब ऊपर से लिखा आएगा, बेटा. न भी आए."

येताना बसमध्ये मी तिला समजावत होतो की लोखंडच आहे, जाऊ दे, डुकरांना मी डबा वाजवून हाकलीन. ती खिडकीबाहेर पाहत होती. रामपायलीचा फाटा गेला, आपला तलाव दिसायला लागला, तेव्हा बोलली.

"ते येऊ नाई शकत तं आपण जावाचं, आबा. मालखान्याले दरवाजा असते न."

मी म्हणालो, हौ, तारखेला जाऊच. तिने मान हलवली.

"मी मम्मीकडे जातो. अकरावीले."

राखी, मला आनंद झाला असं लिहिलं तर तू ओळखशील की खोटं आहे. आणि दुःख झालं असं लिहिलं तर तू तिला परत पाठवशील. तेव्हा दोन्ही लिहीत नाही.

आता ठाण्यात ती काय बोलली ते. हे मी लिहिणार नव्हतो. पण लिहावं लागतं, कारण त्यामुळे तुला त्रास होऊ शकतो. साहेबांनी तिला विचारलं, तू नळीवर लिहिलंस? ती हो म्हणाली. गलती मेरी है, आबा ने सिर्फ मिटाया. साहेब म्हणाले, क्या लिखा था? ती गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती गप्प. त्यांना वाटलं, काहीतरी भलतंच लिहिलं असेल, पार्टीचं, जंगलवाल्यांचं. ते खुर्चीत पुढे सरकले. मी मनात म्हणत होतो, सांग ग बाई, सांग. तिला किती वेळ लागला.

"राखी."

"ये कौन है?"

"मेरी मम्मी. बाहर रहती है." आणि मग आपल्या बोलीत, त्यांना नाही, मला नाही, भिंतीकडे पाहून, "दर वेळी म्हणते येतो."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग मुन्शीला म्हणाले, लिखिए. मुन्शीने लिहिलं की नळीवर लाल रंगाने राखी असं नाव होतं, ते आरोपीच्या नातीच्या आईचं आहे. पत्ता विचारला, तो मी सांगितला, मलाजखंड. न सांगून कसं चाललं असतं? तेव्हा तुझं नाव ठाण्याच्या कागदावर चढलं आहे. उद्या कोणी चौकशीला आलं तर घाबरू नकोस आणि तुझ्या घरच्यांना, गुणाकररावांना, आधीच सांगून ठेव, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही. मी त्यांचं नाव आजवर कधी लिहिलं नव्हतं. त्यांना माझा नमस्कार सांग.

मार्चमध्ये चष्म्याची काडी तुटल्याचं मी लिहिलं होतं. तुटलीच होती, पण मी काच हातात धरून चित्र पाहिलं होतं. भुवईवरची तुझी ती शेवयांच्या पाटाची खूणसुद्धा काढली आहे पोरीने. तेव्हा लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस, आणि मला ते नको होतं. एवढंच.

हे पाकीट आमूच्याच हाती देत आहे. भाताच्या शितांनी चिकटवलं आहे, ती राजेंद्रसारखी नाही, उघडणार नाही. तिला सांगू नकोस की मी नाव सांगितलं. चित्र तिच्या पेटीत कपड्यांखाली आहे, तेही तू काढून पाहू नकोस, ती दाखवेल तेव्हा पाहा.

आणि ती आल्यावर लगेच सतरा गोष्टी विचारू नकोस. तोंडातून भरायची आहे ती, तिला वेळ लागतो. तिच्या त्या शाळेतल्या पोरी निघून जातात, तशी तू उठून जाऊ नकोस. भाकरी थापायची असेल तर समोर बसून थाप. कितीही वेळ लागू दे.

मोबाईल तिच्याबरोबर येतो आहे, तेव्हा आता माझ्याकडे फोन नाही. राजेंद्रच्या हाती कागद पाठवत जा. पुढची तारीख जुलैत आहे. आमू म्हणते ती येईल. येऊ दे, पण शाळा बुडवून नको.

गाडी सकाळची आहे. ती पायरीवर चढेपर्यंत मी उभा राहीन. चढली की राजेंद्रला घंटी वाजवायला सांगितलं आहे, लगेच, थांबू नकोस म्हणून.

बाबूलाल